‘घ्यायला हरकत नाही’: कोकोची कॅप्सूल, ऊसतोडीचा हंगाम आणि एक डावा डोळा

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. नावं देत नाही. ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही बदलले आहेत. महिन्यांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण या प्रकरणात जे बिघडलं ते महिन्यांच्या हिशेबातच बिघडलं.

मावशी ४७ वर्षांच्या, वजन ४६ किलो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर जायचं, मार्च-एप्रिलमध्ये परतायचं, हे लग्नापासून चाललेलं. मुलगा लातूरला बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला. त्या वर्षीची मुकादमाकडची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) जूनमध्येच घेतलेली आणि पोराच्या फीत गेलेली. म्हणजे हंगामाला जायचं की नाही हा प्रश्नच उरला नव्हता.

शुगर सात वर्षांपूर्वी निघालेली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू होतं. गावी असताना रोज, फडावर “आठवल तशी”.

ऑगस्टमध्ये त्या आमच्या दवाखान्यात आल्या त्या चष्म्याच्या नंबरासाठी. “तांदूळ निवडताना खडा दिसंना, म्याडम. उसाचं पाचट गेलं असंल डोळ्यात.” नजर उजवीकडे ६/९, डावीकडे ६/१२ (पूर्ण नजर म्हणजे ६/६). एवढ्यावर चष्मा देऊन पाठवता आलं असतं, आणि पुष्कळ ठिकाणी तसंच होतं. बाहुली मोठी करायचं औषध घालून डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, पाहिला. दोन्ही डोळ्यांत रक्ताचे ठिपके भरपूर, उजवा डोळा पुढच्या टप्प्याच्या उंबरठ्यावर, आणि डाव्यात नव्या, नाजूक रक्तवाहिन्यांची जाळी फुटायला लागलेली. ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या स्कॅनमध्ये, मध्यभागी सूज नव्हती, हे नशीब. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) १०.४, रक्तदाब १६०/९६, लघवीत प्रथिनं, हिमोग्लोबिन ८.६. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अडचण

पडद्याच्या कडेच्या भागाला रक्त पुरेनासं झालं की तो भाग व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो. ते रसायन नव्या रक्तवाहिन्या उगवायला लावतं, आणि या वाहिन्या इतक्या कच्च्या असतात की खोकल्यानंसुद्धा फुटू शकतात. फुटल्या की डोळ्याच्या पोकळीत रक्त साचतं, पुढे चिवट पापुद्रे तयार होऊन पडदा ओढला जातो. दुखत काहीच नाही. फुटेपर्यंत नजरही बरी असते. त्यामुळे ज्या बाईला आपला डोळा चांगला वाटतो, तिला आम्ही लेझर करून घ्यायला सांगत असतो.

हा लेझर पडद्याच्या कडेवर हजार-पंधराशे ठिपके मारतो, तेही दोन-तीन बैठकांमध्ये. १९७६ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला तेव्हापासून हे पक्कं आहे: अशा डोळ्यांत नजर गंभीरपणे जाण्याचं प्रमाण लेझरमुळे निम्म्याहून खाली येतं. शून्यावर येत नाही, निम्म्याहून खाली येतं.

दसऱ्याला तेव्हा आठ आठवडे होते. डाव्याच्या तीन बैठका, उजव्याच्या दोन-तीन. वेळ पुरेसा होता. ‘गरीब रुग्ण, उशिरा आले, काय करणार’ या जातीचं हे प्रकरण नाही. त्या वेळेत आल्या होत्या.

समोर असलेले पर्याय

फाइलवर चार पर्याय लिहिलेले आहेत, माझ्याच अक्षरात.

पहिला, हंगामाआधी दोन्ही डोळ्यांचा लेझर पूर्ण करणं. दुसरा, डोळ्यात व्हीईजीएफविरोधी इंजेक्शनं. परिणाम चांगला, पण सुरुवातीला दर महिन्याला यावं लागतं. त्यातून इंजेक्शनवर असलेला रुग्ण मध्येच गायब झाला, तर लेझर झालेल्या रुग्णापेक्षा त्याचं जास्त नुकसान होतं, हे परदेशातल्या रुग्णांतही दिसलं आहे. सहा महिने फडावर, कोपीत राहणाऱ्या, एका दिवसाच्या खाड्याला पैसे कापले जाणाऱ्या बाईसाठी हा पर्याय तिथेच संपतो. तिसरा, फक्त शुगर आणि रक्तदाब आवळून थांबणं. नियंत्रणाचं महत्त्व मोठं आहे. टाइप १ मधुमेहींवरच्या १९९३ सालच्या डीसीसीटी चाचणीत कडक नियंत्रणानं पडद्याचा आजार नव्यानं सुरू होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी घटलं. पण तो आजार सुरू होण्याआधीचा हिशेब. नव्या वाहिन्या फुटल्यावर नुसत्या नियंत्रणावर थांबणं म्हणजे पूर आल्यावर बांध घालायला जाणं. चौथा, या वर्षी हंगामाला न जाणं. तो लिहिला आणि उचल आठवून लगेच खोडला.

पाचवा पर्याय फाइलवर नाही. त्यांच्या घरात मात्र तोच पहिल्या नंबरावर होता.

मुलाचा प्रश्न

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात डाव्या डोळ्याची पहिली बैठक झाली. मावशींना बराच त्रास झाला. हा लेझर काहींना टोचतो, डोक्यात कळ जाते. त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. दुसऱ्या बैठकीची तारीख दहा दिवसांनंतरची दिली.

मधल्या दिवसांत मुलगा आला, एकटाच. हातात मोबाइल, त्यात बातमी.

“मॅडम, कोकोमध्ये एपिकॅटेचिन असतं. रेटिनाच्या आजारावर त्याचं संशोधन झालंय. डायबेटिक रेटिनाचा उल्लेख आहे त्यात. आईला दिलं तर?”

बाहेर सत्तर पेशंट. मी बातमीची चार वाक्यं वाचली, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, “घ्यायला हरकत नाही. नुकसान तर काही नाही.”

‘लेझरबरोबर’ हा शब्द माझ्या डोक्यात होता. तोंडातून निघाला नाही.

कोकोबद्दल खरोखर काय माहीत आहे

त्या दिवशी पंधरा मिनिटं असती तर त्याला जे सांगितलं असतं, ते इथे लिहिते. मुलगा मूर्ख नव्हता. बातमीमागचं विज्ञानही खोटं नव्हतं.

एपिकॅटेचिन हे कोकोच्या बियांमधलं फ्लॅव्हनॉल वर्गातलं संयुग. चहातही असतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मधुमेही केलेल्या उंदरांना ते तोंडावाटे दिलं. मधुमेहात पडद्यातल्या चेतापेशींना मरणाकडे ढकलणारा एक प्रथिन-मार्ग चालू होतो, तो या संयुगानं रोखला गेला आणि पेशी वाचल्या. ब्राझीलमध्ये कँपिनासच्या संशोधकांनी पॉलिफेनॉल जास्त असलेला कोको आणि कमी असलेला कोको मधुमेही उंदरांना देऊन पाहिला. पहिल्या गटात पडद्याच्या आधारपेशींची चिडचिड कमी दिसली. काम चांगलं आहे. मधुमेहाचा पडद्यावरचा पहिला घाव रक्तवाहिन्यांवर बसतो की चेतापेशींवर, या जुन्या प्रश्नाला त्यानं खाद्य पुरवलं.

आता उंदराकडून माणसाकडे येऊ. त्या पहिल्या प्रयोगातली मात्रा किलोमागे रोज १०० मिलिग्रॅम होती. उंदराची मात्रा माणसाला लावताना ढोबळमानानं ६.२ ने भागतात, म्हणजे किलोमागे १६ मिलिग्रॅम. मावशींच्या ४६ किलोंना रोज सातशेच्या वर मिलिग्रॅम शुद्ध एपिकॅटेचिन. माणसांवरची कोकोची सर्वांत मोठी चाचणी म्हणजे अमेरिकेतली कॉसमॉस. २१,४४२ ज्येष्ठ लोक, रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल, आणि त्यात एपिकॅटेचिन किती? ८० मिलिग्रॅम. तिच्यातच डोळ्यांचा उपअभ्यास झाला, तोही मधुमेही पडद्याचा नाही, उतारवयात मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, झिजण्याच्या आजाराचा. एकूण कालावधीत ठोस फायदा दिसला नाही.

चॉकलेटचेही प्रयोग झाले आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेत ३० निरोगी लोकांना ७२ टक्के कोकोचं डार्क चॉकलेट आणि साधं मिल्क चॉकलेट वेगवेगळ्या वेळी खायला दिलं. दोनेक तासांनी डार्कनंतर फिकट अक्षरं वाचण्यात थोडी सुधारणा दिसली. पुढच्याच वर्षी जर्मनीत निरोगी लोकांच्या पडद्यातला रक्तप्रवाह मोजला, तर डार्क चॉकलेटनं काहीच बदल आढळला नाही. दोन्हीकडे डोळे निरोगी, परिणाम काही तासांचा. मधुमेही माणसाच्या डोळ्यात फुटलेल्या नव्या वाहिन्या कोकोनं मिटल्या, असं दाखवणारी चाचणी नाही.

आणि एक गंमत, जी मला आजही खटकते. फेनोफायब्रेट नावाची चरबीवरची जुनी, स्वस्त गोळी आहे. मधुमेही माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांमध्ये तिनं पडद्याचा आजार पुढे सरकणं कमी केलं. २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या चाचणीत २७ टक्क्यांनी. तीही लेझरची जागा घेत नाही, मूत्रपिंडाकडे बघून द्यावी लागते. पण तिची बातमी कुणी व्हॉट्सअॅपवर फिरवत नाही. चॉकलेटची फिरते.

काय घडलं

दुसऱ्या बैठकीला त्या आल्या नाहीत. आमच्या समुपदेशक ताईंनी एकदा फोन केला, नवऱ्याचा नंबर बंद. नोंद झाली: ‘संपर्क नाही’. मुलाचा नंबर फाइलवर नव्हताच. तो माझ्यासमोर बसून गेला होता, तरी कुणी घेतला नव्हता.

दसरा झाला. टोळी गेली.

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी मावशी परत आल्या, मुलाच्या खांद्याला धरून. मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढताना डाव्या डोळ्यापुढं काळं जाळं आलं, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा धूर. डाव्या डोळ्याला समोर हललेला हात तेवढा कळत होता. पोकळी रक्तानं भरलेली. सोनोग्राफीत पडदा जागेवर होता. उजव्या डोळ्यातही आता नव्या वाहिन्या आलेल्या, नजर अजून ६/९.

मुलानं पिशवीतून कॅप्सूलची बाटली काढून टेबलावर ठेवली. तिसरी बाटली. महिन्याला १,४५० रुपये. मेसचा एक वेळचा डबा बंद करून भरत होता, हे नंतर कळलं. लेबलावर ‘कोको अर्क ५०० मिलिग्रॅम’. कॉसमॉसमध्येही ५००, म्हणून त्याला वाटलं तेच. पण तिथले ५०० हे फ्लॅव्हनॉलचे, इथले ५०० अख्ख्या अर्काचे. त्यात फ्लॅव्हनॉल किती, एपिकॅटेचिन किती, याचा लेबलावर उल्लेख नाही. कोकोची पूड अल्कलीनं धुऊन गडद केली की फ्लॅव्हनॉलचा मोठा भाग निघून जातो. तशी पूड वापरली होती का, तेही लेबल सांगत नव्हतं. फार्मसीचं दुसरं वर्ष असलेल्या पोराला यात दोष देता येत नाही. मीही ते लेबल पहिल्यांदा जानेवारीतच वाचलं.

हिमोग्लोबिन ८.४. ऑगस्टपासून लोहाच्या गोळ्या चालू असून वाढ नाही. “गोळ्या कशा घेता, मावशी?”

“सकाळच्याला सगळ्या येकदम. चहासंगं.”

चहातली आणि कोकोतली पॉलिफेनॉलं लोहाला बांधून ठेवतात, आतड्यातून ते शोषलं जात नाही. एकट्या चहानंही तेवढं बिघडलं असतं, त्यामुळे सगळं खापर कॅप्सूलवर फोडत नाही. पण रक्त कमी असलं की उपाशी पडद्याला प्राणवायू आणखी कमी पोचतो. म्हणजे ‘नुकसान तर काही नाही’ हे वाक्य औषधशास्त्राच्या हिशेबानंसुद्धा बरोबर नव्हतं.

मग त्यांनीच ते सांगितलं, जे मी ऑगस्टमध्ये विचारायला हवं होतं. “त्यो लाइट सोसंना मला. गावात म्हनत्यात, लेझर केला की डोळा जळतोय. शेजारच्या आबाचा गेलाच की. म्हनून पोरगं दुसरं काय हाय का बघत व्हतं. तुमीबी हरकत न्हाई म्हनलात.”

मुलगा माझ्याकडे एपिकॅटेचिनची माहिती विचारायला आलाच नव्हता. आईला परत तिथे बसवावं लागेल का, हे विचारायला आला होता.

जानेवारीतले निर्णय

पहिला निर्णय डाव्या डोळ्याचा नव्हता, उजव्याचा होता. घरच्यांचं सगळं लक्ष रक्त आलेल्या डोळ्यावर, आणि वाचवायला सोपा होता तो दुसरा. त्याच दुपारी उजव्या डोळ्याचा लेझर सुरू केला, या वेळी आधी डोळ्यामागे भुलीचं इंजेक्शन देऊन. मावशी म्हणाल्या, “हे पयल्यांदाच द्यायचं की.” बरोबर होतं.

फडावर परत जायचं नाही, हे नवऱ्याला पटवणं अवघड होतं. तो फोनवरच होता, कारखान्यावर. व्हीईजीएफ वगैरे त्याला काय सांगणार. मी विचारलं, “काका, विहिरीला पाणी कमी असलं की काय करता?” म्हणाले, “कडचं रान सोडतो, हिरीजवळचं तेवढं भिजवतो.” म्हटलं, लेझर तेच करतो. डोळ्याला रक्त कमी पडतंय. कडचं रान सोडून द्यायचं, म्हणजे मधलं जगतं. मधल्यानं आपण बघतो. थोडा वेळ पलीकडून फक्त गाड्यांचा आवाज आला. मग, “आबाचं मधलंबी वाळलेलं असंल आदीच.” शेजाऱ्याचा डोळा लेझरनं गेला नव्हता, उशिरा केलेल्या लेझरनं तो वाचला नव्हता, हा फरक मी कधीच इतक्या थोडक्यात कुणाला समजावू शकले नव्हते.

डाव्या डोळ्यासाठी तीन वाटा होत्या: रक्त आपोआप विरायची वाट पाहणं, इंजेक्शन देऊन वाट पाहणं, किंवा लगेच व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्याची पोकळी धुऊन काढण्याची शस्त्रक्रिया. इंजेक्शनचा धोका असा, की पापुद्रे आधीच धरलेले असतील तर ते आकसून पडदा ओढतात. सोनोग्राफीत तसं दिसत नव्हतं. इंजेक्शन दिलं, दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी केली. सहा आठवड्यांत रक्त हटलं नाही. मार्चच्या सुरुवातीला छत्रपती संभाजीनगरला पाठवून व्हिट्रेक्टॉमी करून घेतली, शस्त्रक्रियेतच उरलेला लेझर झाला.

कॅप्सूल बंद केली. लोहाची गोळी रात्री, चहापासून लांब, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. मूत्रपिंडासाठी फिजिशियनकडे पाठवलं, रक्तदाबाचं औषध बदललं गेलं.

निष्पत्ती

ऑगस्ट ते ऑगस्ट. उजवा डोळा ६/९, नव्या वाहिन्या सुकलेल्या. डावा ६/२४, त्यात आता मोतीबिंदू धरायला लागला आहे. व्हिट्रेक्टॉमीनंतर तो येणारच होता, काढल्यावर एखादी ओळ जास्त दिसेल. एचबीए१सी ८.१, हिमोग्लोबिन १०.३. उचल फिटलेली नाही. मुलानं सुट्टीत मेडिकलच्या दुकानात काम धरलं.

मावशी तांदूळ निवडतात. कोयता धरत नाहीत. एका माणसाच्या कोयत्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. नवऱ्याबद्दल बोलताना त्या तो शब्द वापरतात आणि हसतात. मला हसू येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

लेझर वेळेत पूर्ण झाला असता तर रक्तस्राव टळलाच असता, असं मी म्हणत नाही. एचबीए१सी १०.४ आणि रक्तदाब १६० असताना पूर्ण लेझर झालेल्या डोळ्यांतही रक्त येतं. पण नजर गंभीरपणे जाण्याची शक्यता अर्ध्याहून कमी झाली असती, आणि उजव्या डोळ्याला जानेवारीची वाट पाहावी लागली नसती.

भुलीचं इंजेक्शन पहिल्याच बैठकीला देता आलं असतं, आणि एकाच वेळी जास्त ठिपके मारून बैठका कमी करता आल्या असत्या. आम्ही ते सहसा टाळतो, कारण त्यात वेळ जातो आणि इंजेक्शनचे स्वतःचे थोडे धोके आहेत. हंगामाला जाणाऱ्या रुग्णासाठी हा हिशेब उलटा मांडायला हवा. आता तसा मांडतो. सहकाऱ्यांपैकी एकाला हे अजून पटलेलं नाही.

मुलाचा प्रश्न झटकून टाकायला हवा होता का? नाही. ‘हे असलं काही नसतं’ म्हटलं असतं, तर त्यानं बाटली तरीही आणली असती, फक्त मला दाखवली नसती. दुसऱ्या टोकाचं, घाईतलं मोठेपणही तितकंच वाईट, आणि मी तेच दाखवलं. डॉक्टरच्या तोंडून ‘हरकत नाही’ निघालं की घरी पोचेपर्यंत त्याचं ‘डॉक्टरनी सांगितलंय’ होतं. एकच वाक्य पुरलं असतं: “लेझर ठरल्या तारखेला होणार असेल, तर या बाटलीबद्दल बोलू.” आणि त्यामागोमाग एक प्रश्न: “आईला लेझरची भीती वाटते का?”

फाइलच्या पहिल्या पानावर आता दोन ओळी छापून घेतल्या आहेत. ‘कामाला बाहेर जाण्याची तारीख’ आणि ‘घरातल्या शिकलेल्या माणसाचा नंबर’. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही मुकादमांनाही फोन करतो, टोळी जायच्या आधी शुगरवाल्या लोकांचे पडदे तपासून घ्या म्हणून. बहुतेक जण हो-हो करून ठेवून देतात. मावशींचा मुकादम मात्र यादी घेऊन स्वतः आला, अकरा नावं. त्याचंही बोट टोचून घेतलं. त्याला शुगर असल्याचं त्याला माहीत नव्हतं. २९० होती. यादीत तळाशी त्यानं स्वतःचं नाव लिहिलं.